नॅनोट्यूबचं माहेर

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत बिडाचा रस साच्यात पडताना तुम्ही पाहिला असेल, तर कार्बन नॅनोट्यूबच्या जन्माचं निम्मं गुपित तुम्ही पाहिलं आहे. साखर पाण्यात विरघळावी तसा कार्बन लोखंडाच्या रसात विरघळतो. रस निवू लागला की तेवढा कार्बन लोखंडाला पोटात ठेवता येत नाही. तो बाहेर पडतो आणि ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानं कास्टिंगभर पसरतो. बिडाचा तुकडा मोडल्यावर दिसणारा करडा रंग या पापुद्र्यांचा. रसात थोडं मॅग्नेशियम गेलं की पापुद्र्यांऐवजी गोळ्या होतात, तेच एसजी आयर्न. उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांच्या काळापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत कोल्हापूरची फौंड्री लोखंडाच्या याच स्वभावावर उभी आहे.

आता हा लोखंडाचा कण केसाच्या जाडीहून हजारो पटींनी बारीक करा आणि त्याच्याभोवती कार्बन असलेला तापलेला वायू सोडा. कण वायू फोडतो, कार्बन पितो, गच्च भरतो आणि तो बाहेर टाकू लागतो. इतक्या लहान कणाभोवती सपाट पापुद्र्याला जागा कुठली? ग्रॅफाइटचा पत्रा गुंडाळलेलाच बाहेर येतो, तीच नॅनोट्यूब. कण जेवढा जाड, साधारण तेवढीच नळी जाड.

पोलादवाल्यांना कार्बनचे असे धागे आधी भेटले ते शत्रू म्हणून. झोतभट्टीच्या विटांत लोखंडाचे कण असतात. भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्यावर फुटतो, कार्बन वाढतो आणि विटा आतून फुटतात. सोव्हिएत रशियात रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी 1952 साली याच वायूपासून लोखंडावर वाढलेल्या धाग्यांची छायाचित्रं छापली. ते धागे पोकळ होते. लेख रशियन भाषेत, शीतयुद्धाच्या काळातला. फारसा कुणी वाचला नाही. 1976 साली मोरिनोबु एंडो यांनी फ्रान्समधल्या सहकाऱ्यांबरोबर बेंझिनपासून तशाच नळ्या वाढवून दाखवल्या.

जगाचं लक्ष गेलं ते 1991 साली, सुमियो इजिमा यांच्या ‘नेचर’मधल्या लेखानं. ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पाडून मिळालेल्या त्या नळ्यांना लोखंड लागलं नव्हतं. लेखाच्या शीर्षकात ‘नॅनोट्यूब’ हा शब्दही नव्हता. 1992 मध्ये एबेसन आणि पुलिकेल अजयन यांच्या लेखाच्या शीर्षकात तो दिसतो. पण एकाच पापुद्र्याची नळी हवी झाली, तेव्हा 1993 साली इजिमांनाही लोखंडाकडेच यावं लागलं. म्हणून 1991-92 हे माझ्या मते या नळीचं बारसं आहे. जन्मतारीख त्याच्या कितीतरी आधीची, भट्टीपाशी शोधावी अशी.

या संशोधनाची मराठी मुलखातली शाखा कापरातून निघाली. पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांच्या गटानं 1994 साली कापरापासून फुलरीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचे पोकळ गोळे, बनवल्याचं प्रसिद्ध केलं. पेट्रोलियमऐवजी झाडापासून मिळणारा कार्बन वापरायचा, हा त्यांचा ध्यास. पुढे सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातही हे काम चाललं. शेरॉन यांचे विद्यार्थी मुकुल कुमार यांनी जपानात योशिनोरी आंदो यांच्याबरोबर कापराच्या वाफेतून नॅनोट्यूबची दाट झाडी वाढवली. अंबाबाईच्या आरतीत जळतो तोच हा कापूर. त्याच्या रेणूत दहा कार्बन आणि एक ऑक्सिजन; हा ऑक्सिजन नळ्यांबरोबर जमणारी निरुपयोगी काजळी जाळून टाकायला मदत करतो, असं या दोघांचं म्हणणं. लोखंड इथंही आहेच, फेरोसीन नावाच्या संयुगातून आलेलं.

तयार झालेली नळी मोठी हट्टी असते. पाण्यात मिसळत नाही, दुसऱ्या नळ्यांना चिकटून गुंता करते. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत उकळली की तिची टोकं उघडतात, तिथं ऑक्सिजनचे गट बसतात आणि मग ती पाण्यात पसरते. त्याच आम्लात तिला चिकटलेलं लोखंडही बरंचसं विरघळून जातं. मात्र जो कण कार्बनच्या थरांत पुरता गुंडाळला गेला, त्याच्यापर्यंत आम्ल पोचत नाही. तो आतच राहतो.