रानाची गणती

जालना जिल्हा राज्यातील अत्यंत कमी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक. गोदाकाठच्या शहागडात रानाच्या गणतीचा इतिहास सांगणे म्हणूनच कोणास विसंगत वाटेल. परंतु जेथे झाड थोडे, तेथेच त्याचा हिशेब चोख हवा. आणि तो चोख ठेवावयास माणसास एक शतक लागले.

१८५६ साली डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांचा अधिकारी झाला. रानात साग किती, हे कोणासच ठाऊक नव्हते. ब्रांडिस हत्तीवर बसून रान पालथे घाली. वाटेच्या दोन्ही अंगांस साग दिसला, की त्याच्या घेराप्रमाणे हातातील चार काड्यांपैकी एकीवर चाकूने खाच पाडी. अशा पट्ट्यांतील खाचांवरून त्याने रानाचा अंदाज बांधला आणि तोडीला मर्यादा घातली. पुढे १८६४ साली तो हिंदुस्थानचा पहिला महावननिरीक्षक झाला.

शितावरून भाताची परीक्षा, ती हीच. पण भांड्यातील भात बहुधा एकसारखा शिजतो. रान तसे नसते. ओढ्याकाठी दाट, तर खडकाळ उतारावर विरळ. मग कोणते शीत उचलावे? येथे संख्याशास्त्रज्ञ पुढे आला. नॉर्वे, फिनलंड, स्वीडन या देशांनी १९१९ नंतरच्या दशकात देशभर समांतर पट्टे आखून वने मोजली. जवळजवळची रानाची ठिकाणे एकमेकांसारखी किती असतात, याचे गणित स्वीडनच्या बर्टिल माटेर्न यांनी १९६० च्या प्रबंधात मांडले. नमुने किती अंतरावर घ्यावेत, हे त्यावरून ठरविता येऊ लागले.

मोजणाऱ्याच्या हाताचा दोष मात्र आपल्याच एका माणसाने दाखविला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पिकांच्या पाहणीत गुंतले होते. लहान चौकटीतील पीक कापून काढलेला उतारा वास्तवाहून जास्त येतो, हे त्यांनी १९४६ साली दाखवून दिले. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा पेच पडला की हात नकळत ते आत ओढतो. आणि चौकट जितकी लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने कड मोठी. लबाडी कोणीच करीत नाही, तरी आकडा फुगतो. रानातही हाच धोका. म्हणून कडेच्या झाडाचा बुंधा छातीच्या उंचीवर पाहावयाचा आणि त्याचा मध्य हद्दीच्या आत असेल तरच झाड मोजावयाचे.

याचा आपल्याशी संबंध काय? महाराष्ट्राने २०१६ साली २ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. लावलेल्यांचा आकडा नोंदवहीत मिळतो. जगलेल्यांचा मात्र जागेवर जाऊनच मिळावयाचा. आणि तेथे सडकेकाठची, टँकरचे पाणी मिळालेली रांग मोजली, तर पुन्हा ओढ्याकाठचाच साग मोजल्यासारखे होईल.

उपाय आपल्या हातचा आहे. गावातील लागवडीच्या प्रत्येक खड्ड्यास क्रमांक द्यावा, चिठ्ठ्या टाकून १०० क्रमांक काढावेत आणि तेवढेच पाहावेत. त्यांत ६० झाडे जिवंत निघाली, तर साऱ्या लागवडीत शेकडा ५० ते ७० जगली असावीत, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. ‘साठ’ एवढेच सांगणारा हिशेबनीस अर्धे सांगतो; ‘पन्नास ते सत्तर’ सांगणारा आपल्या अज्ञानाचेही माप देतो. पुढच्या वैशाखात, पाण्याचा ताण असताना, अशी एक गणती शहागडकरांनी करून पाहावी.