आधी पाणी, मग पायवाट

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सकाळी धावायला निघालेल्या माणसाला शहराच्या मध्यापासून थेट फ्रँकलिन पार्कपर्यंत जवळजवळ सलग हिरवाईतून जाता येते. बॉस्टन कॉमनपासून सुरू होणारा हा पट्टा बॅक बे फेन्समधली लव्हाळी, मडी रिव्हरच्या वळणांलगतची रिव्हरवेची झाडी, जमेका पाँडचा तलाव आणि अर्नोल्ड आर्बोरीटम हे वृक्षसंग्रहालय यांना जोडत शेवटी फ्रँकलिन पार्कच्या कुरणांत आणि वनराईत पोहोचतो. लांबी सुमारे 7 मैल, क्षेत्र सुमारे 1100 एकर. 'एमराल्ड नेकलेस' या नावाने तो जगभर ओळखला जातो आणि नदीकाठी जॉगिंग ट्रॅक आखायचा म्हटले की नगररचनाकार त्याचा दाखला हमखास देतात. मात्र दाखला देताना बहुतेकांची नजर पायवाटेवर, पुलांवर आणि झाडांवर असते, आणि तिथेच गफलत होते. फेन्स आणि रिव्हरवे हे शहरात वाचलेले जुने रान नाही. मैलापाणी आणि पूर यांचा बंदोबस्त करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाने ते घडवले. पाण्याचा प्रश्न आधी सोडवला गेला, पायवाट त्यानंतर आली. पुढच्या काळात ज्या ज्या वेळी शहराने पाण्याचा विचार सोडला, त्या त्या वेळी पायवाटेची रयाही गेली. नदीकाठच्या उद्यानाची परीक्षा त्याच्या वाटेवर नव्हे, पाण्याच्या व्यवस्थेवर करावी लागते, हे या इतिहासातून ठळकपणे दिसते.

आज जिथे फेन्स आहे, तिथे दोनशे वर्षांपूर्वी चार्ल्स नदीच्या मुखाजवळचे विस्तीर्ण खाजण होते. भरतीला ते पाण्याखाली जाई, ओहोटीला चिखल उघडा पडे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा येऊन ते धुऊन नेत असे, त्यामुळे शहराच्या कडेला असूनही ते सडत नव्हते. 1814 मध्ये एका कंपनीला इथे बांध घालून भरती-ओहोटीच्या जोरावर गिरण्या चालवण्याची सनद मिळाली आणि 1821 मध्ये सुमारे दीड मैल लांबीचा मिल डॅम पुरा झाला. गिरण्यांचा धंदा अपेक्षेप्रमाणे भरभराटला नाही, पण बांधाने खाजणाचे वाहते पाणी मात्र अडवले. पुढे त्यातून लोहमार्ग गेले, तेव्हा प्रवाह आणखी कोंडला. वाढत्या शहराची गटारे तिथेच उघडत राहिली आणि शतकाच्या मध्यापर्यंत त्या भागाची दुर्गंधी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला. उपाय म्हणून 1850 च्या दशकाअखेर भराव सुरू झाला. कित्येक मैलांवरच्या नीडहॅम गावातून वाळू-खडी भरलेल्या आगगाड्या रात्रंदिवस येत राहिल्या आणि खाजणावर बॅक बे ही श्रीमंतांची वस्ती उभी राहिली. जमीन तयार झाली, पण पूर्वी खाजणात येऊन मिळणारे स्टोनी ब्रुक आणि मडी रिव्हर हे दोन प्रवाह काही थांबले नव्हते. भराव जसजसा पुढे सरकला, तसतसे त्यांचे पाणी आणि त्याबरोबर येणारी घाण उरलेल्या कोपऱ्यात साचत गेली.

शहराने उद्यानासाठी शंभरएक एकर जागा निवडली ती याच कोपऱ्यात. 1878 मध्ये आराखड्यासाठी खुली स्पर्धा झाली आणि एका फुलबाग-व्यावसायिकाच्या आराखड्याला बक्षीसही मिळाले. पण फुलांचे ताटवे आणि सुबक रस्ते कागदावर कितीही शोभले, तरी पुराचे पाणी कुठे जाणार या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. तेव्हा उद्यान आयोगाने फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना पाचारण केले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे ते सहरचनाकार. त्यांनी शहराचे अभियंता जोसेफ डेव्हिस यांच्याबरोबर बसून प्रश्नाची नव्याने मांडणी केली. भरतीच्या वेळी चार्ल्स नदीची पातळी वर असते. नेमक्या त्या वेळी मोठा पाऊस झाला, तर स्टोनी ब्रुकच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ते वस्तीत शिरते. म्हणून ओहोटी लागेपर्यंत त्याला थांबायला जागा हवी. अभियंत्यांच्या सवयीप्रमाणे दगडी भिंतींचा हौद बांधता आला असता. ओल्मस्टेड यांनी त्याऐवजी नागमोडी खाऱ्या दलदलीची कल्पना मांडली. एरवी सुमारे 30 एकरांवर पाणी राहील आणि पुराच्या वेळी ते काठच्या आणखी 20 एकरांवर पसरेल, अशी तिची रचना होती. काठ उतरते ठेवले, म्हणजे पाणी चढले तरी धूप होऊ नये. त्यावर खारे पाणी आणि अधूनमधूनचे बुडणे सोसणारे गवत लावायचे ठरले. मुखाशी झडपा बसवून भरतीचे पाणी मोजकेच आत घ्यायचे, म्हणजे दलदल जिवंत राहील आणि सडणारही नाही. रोजचे मैलापाणी वेगळ्या नळांतून न्यायचे होते. 1877 मध्ये सुरू झालेली शहराची मुख्य मलनिस्सारण योजनाही याच काळात आकार घेत होती. फेन्सचे सौंदर्य या सगळ्या हिशेबातून जन्मले. काठाची नागमोडी वळणे, उतार आणि गवताची जात यांपैकी कोणतीच गोष्ट निव्वळ शोभेसाठी निवडलेली नव्हती.

हीच दृष्टी पुढे मडी रिव्हरला लावली गेली. हा प्रवाह बॉस्टन आणि शेजारचे ब्रुकलाइन गाव यांच्या सीमेवरून वाहत होता आणि त्याच्या घाणीची जबाबदारी दोघांपैकी एकट्याची नव्हती. ओल्मस्टेड यांनी दोन्ही गावांसाठी मिळून योजना आखली. अर्नोल्ड आर्बोरीटमचे संचालक चार्ल्स स्प्रेग सार्जंट त्या वेळी ब्रुकलाइनच्या उद्यान आयोगावर होते, त्यांची साथ मिळाली. प्रवाहाचे पात्र नव्याने खोदून त्याला वळणे दिली आणि गावांची सीमारेषासुद्धा नव्या पात्रानुसार बदलून घेतली. 1890 च्या दशकाच्या पूर्वार्धात रिव्हरवेचे काम झाले, काठावर हजारो झाडे-झुडपे लागली आणि शेजारून जाणारा लोहमार्ग झाडीने भरलेल्या मातीच्या उंचवट्याआड झाकला गेला. वाटांचा विचार आला तो या चौकटीत. घोडागाड्यांचा रस्ता, घोडेस्वारांची वाट आणि पादचाऱ्यांची पायवाट वेगवेगळ्या ठेवल्या. पायवाट पाण्याच्या सर्वांत जवळ आणली, कारण तिचे चारदोन दिवस बुडणे परवडणारे होते. धावणाऱ्यांसाठी मात्र यातले काहीच केलेले नव्हते. बॉस्टन मॅरेथॉन 1897 पासून भरत असली, तरी सर्वसामान्य माणसाने तब्येतीसाठी रोज धावावे ही रूढी फार नंतरची. ओरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन 1962 मध्ये न्यूझीलंडला गेले, तिथे आर्थर लिडियार्ड यांनी रुजवलेले हळूहळू धावण्याचे वेड त्यांनी पाहिले आणि मायदेशी परतून ते पसरवले. 1967 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॅरिस यांच्यासह त्यांनी लिहिलेले 'जॉगिंग' हे पुस्तक निघाले आणि अमेरिकेत जॉगिंगची लाट आली. तोवर घोडे गेले होते आणि त्यांची वाट धावणाऱ्यांना व सायकलस्वारांना आयती मिळाली. पाण्याला धरून आखलेली जागा पुढच्या पिढीच्या अनपेक्षित गरजांनाही पुरून उरली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ओल्मस्टेड यांची व्यवस्था एवढी शास्त्रशुद्ध होती, तर ती टिकली का नाही? कारण ती टिकली नाही, हे खरेच आहे. 1910 मध्ये चार्ल्स नदीच्या मुखाशी धरण पुरे झाले. समुद्राचे पाणी वर येणे थांबले आणि नदीचा तो भाग गोड्या पाण्याचा शांत जलाशय बनला. नदीकाठच्या लोकांना याचा आनंद झाला, पण फेन्सच्या खाऱ्या दलदलीचा प्राणच गेला. खाऱ्या पाण्यावर जगणारी वनस्पती नाहीशी झाली आणि भरती-ओहोटीवर चालणाऱ्या झडपांना अर्थ उरला नाही. त्यानंतर फेन्स ही शहराला रिकामी जागा वाटू लागली. भुयारी रेल्वेच्या खोदकामाची माती तिथे येऊन पडली, त्यावर खेळाची मैदाने झाली, 1931 मध्ये गुलाबबाग झाली आणि दुसऱ्या महायुद्धात 1942 साली नागरिकांनी भाजीपाल्याचे वाफे केले. हे वाफे आजही जिवंत आहेत आणि लोकांचे त्यांच्यावर प्रेम आहे. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर चांगलीच होती, पण प्रत्येकीने पाण्याची थोडी जागा घेतली. विसाव्या शतकाच्या मध्याला तर मडी रिव्हरचा एक तुकडा नळांत घालून त्यावर मोटारींचा वाहनतळ केला गेला. उथळ, गाळाने भरलेल्या पात्रात माणसाहून उंच वाढणारे फ्रॅगमायटीस जातीचे नळगवत माजले. म्हणजे अपयश आले ते ओल्मस्टेड यांच्या तत्त्वाला नव्हे, ते तत्त्व विसरणाऱ्या शहराला. पाण्याची पातळी बदलणारा एक निर्णय नदीच्या मुखाशी झाला आणि वरच्या अंगाचे उद्यान त्याने आजारी पाडले.

त्याची किंमत 1996 च्या ऑक्टोबरमध्ये चुकवावी लागली. अतिवृष्टीत मडी रिव्हर फुगली, तिचे पाणी भुयारी रेल्वेच्या मार्गात शिरले आणि केनमोर स्थानक पाण्याने भरले. शंभर वर्षांपूर्वी ज्या पाण्यासाठी फेन्समध्ये जागा राखली होती, तेच पाणी जागा न मिळाल्याने शहराच्या पोटात उतरले. त्यानंतर लष्कराच्या अभियंता विभागासह शहर, राज्य आणि ब्रुकलाइन यांनी दीर्घ पुनरुज्जीवन हाती घेतले. 2013 ते 2016 या पहिल्या टप्प्यात वाहनतळ उखडून नदीचा नळांत गाडलेला भाग पुन्हा उघड्यावर आणला, आणि 2020 मध्ये सुरू झालेल्या पुढच्या टप्प्यात गाळ उपसणे आणि नळगवत काढणे ही कामे झाली. आज तिथून धावत जाणाऱ्याला नदीचे वळण पुन्हा दिसते, पण हा खर्च त्या दृश्यासाठी करावा लागलेला नव्हता. पुराला वाट करून देताना दृश्य आपोआप परत मिळाले.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. या उद्यानांमुळे आसपासच्या जमिनींचे भाव आणि कर-उत्पन्न वाढेल, असे समर्थकांनी तेव्हाच मांडले होते. फेन्सचा पहिला लाभ बॅक बेच्या सधन रहिवाशांना झाला आणि पुढच्या शतकात गरीब वस्त्यांना लागून असलेल्या फ्रँकलिन पार्ककडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. नदीकाठ सुंदर झाला की भाव चढतात आणि जुने रहिवासी दूर ढकलले जातात, ही भीती आजही खोटी नाही. पण या आक्षेपाचा शेवट पाण्याचा विचार गैरलागू ठरवण्यात होत नाही. पूर येतो तेव्हा सखल भागातल्या घरांत पाणी आधी शिरते आणि सखल भागात बहुधा कमी उत्पन्नाची माणसे राहतात. पाण्याला मोकळी जागा देणारे उद्यान त्यांच्या घरांचेही रक्षण करते, तर पात्र अरुंद करून बांधलेला दिखाऊ काठ त्यांना अधिक धोक्यात टाकतो. भाववाढीवर उपाय घरांच्या धोरणात शोधावा लागेल, नदी आवळून तो सापडणार नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडून येतो. न्यू इंग्लंडमधल्या भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा धडा चार महिन्यांच्या पावसावर जगणाऱ्या दख्खनच्या नद्यांना कसा लागू पडेल? पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या सुमारे 44 किलोमीटर काठाच्या सुधारणेचा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. त्यात चालण्याचे आणि सायकलचे मार्ग आहेत, आणि पूरवहनक्षमता व काठची जुनी झाडी यांवरून शहरात तीव्र वादही आहे. बॉस्टनचा आराखडा इथे उचलून आणता येणार नाही हे उघड आहे. तिथल्या झडपा आणि ते खारे गवत इथे काय कामाचे? पण आपल्या नद्यांचे स्वरूप बॉस्टनच्या मुद्द्याला बळच देते. उन्हाळ्यात जिच्या पात्रातून गाड्या जातात, ती मुठा खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली घेते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले ती घटना असाधारण होती, असे म्हणून बाजूला ठेवता येईल. पण 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा कोणतेही धरण फुटलेले नव्हते. कोरड्या महिन्यांत रिकामे दिसणारे पात्र ही पावसाळ्यातल्या पाण्याची राखीव जागा आहे. मडी रिव्हरपेक्षा मुठेच्या पाण्याची चढउतार कितीतरी मोठी, म्हणून तिला जागाही अधिक हवी.

म्हणून कोणत्याही शहराने नदीकाठी वाट बांधायला घेतली, की नागरिकांनी तिची फरशी, दिवे आणि बाकडी यांआधी काही साधे प्रश्न विचारायला हवेत. या कामानंतर पुराच्या पाण्याला पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळणार की कमी? मैलापाणी नदीत येणे आधी थांबणार आहे का? काठावर लावणार ती झाडे-गवते बुडणे सोसणारी आहेत का? आणि वरच्या किंवा खालच्या अंगाला, शेजारच्या पालिकेच्या हद्दीत, या व्यवस्थेला निकामी करणारे दुसरे काही बांधले जात आहे का? ओल्मस्टेड आणि डेव्हिस यांनी 1878 नंतर हेच प्रश्न हाताळले आणि 1910 नंतरच्या बॉस्टनने ते विचारायचे सोडले. पहिल्या पिढीच्या कामावर आजचे लोक धावत आहेत, दुसऱ्या पिढीची चूक निस्तरायला शहराला अनेक वर्षे आणि मोठा निधी खर्चावा लागला. पावसाळ्यात काही दिवस बंद ठेवावी लागणारी वाट ही अपुरी योजना नाही. ती पाण्याखाली जाते म्हणून घरे कोरडी राहतात, आणि पूर ओसरल्यावर तिच्यावरचा गाळ झाडून पुन्हा धावता येते.