अर्ध्या चंद्राची करंजी

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चिनी माणसं चंद्राची पूजा करतात आणि 'मूनकेक' खातात. कमळबियांचं किंवा लाल कडधान्याचं गोड सारण पारीत भरायचं, नक्षीच्या साच्यात दाबायचं आणि भाजायचं. मग एकच केक कापून साऱ्या घरानं वाटून खायचा. २०२५ साली ही पौर्णिमा आणि आपली कोजागिरी ६ ऑक्टोबरच्या एकाच रात्री आली होती. मुंबईतही माझगावला १९१९ साली बांधलेलं चिनी मंदिर आहे. तिथली कुटुंबं हा चंद्रोत्सव करत आली आहेत.

चीनमध्ये एक आख्यायिका सांगतात. मंगोल राजवटीविरुद्ध उठावाचा निरोप या केकमध्ये लपवून घरोघर पोचवला, आणि १३६८ साली मिंग घराणं आलं. इतिहासाला त्याचा पुरावा सापडत नाही. पण पारीच्या पोटात निरोप असतो, ही कल्पना मला पटते. आपल्या करंजीच्या पोटातही तो आहे.

सारण भरून कडा मिटवायची रीत फार हिंडलेली आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं दिल्लीच्या सुलतानाच्या पंगतीतला 'संबूसक' नोंदवला आहे. पातळ पारीत खिमा, बदाम, पिस्ते, आणि वर तुपातली तळणी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मांडूच्या सुलतानांनी 'निमतनामा' हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ करवून घेतला. त्यात सामोशाचे कितीतरी प्रकार आहेत. अकबराच्या काळी अबुल फजल लिहितो की 'कुताब' नावाच्या पदार्थाला हिंदचे लोक 'संबूसा' म्हणतात. म्हणजे एकाच ताटात दोन नावं नांदत होती.

करंजी यातूनच आली, असं मी म्हणणार नाही. तिचं नाव करंजाच्या शेंगेवरून पडलं असं सांगतात, आणि आकार पाहिला की ते पटतं. पण तिच्या बहिणी मोजा: उत्तरेत होळीची गुजिया, गुजरातेत घुगरा, गोव्यात नेवरी. ही नेवरी गोव्यातली हिंदू घरं चवथीला करतात आणि ख्रिस्ती घरं नाताळला. सण बदलतो, मुरड तीच राहते.

आमच्या काटोलात कोजागिरीचं दूध आटलं की दिवाळीची चाहूल लागते. आंबिया बहाराची संत्री बाजारात उतरायला लागतात आणि घराघरात खोबरं किसलं जातं. माझ्या लहानपणी करंज्यांचे दिवस गल्लीत वाटून घेतलेले असत. आज या घरी, उद्या त्या घरी. माझी अम्मी पोळपाट-लाटणं घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची. एकीनं लाटायचं, दुसरीनं सारण भरायचं, तिसरीनं कातणं फिरवायचं. पारी वाळू नये म्हणून हात भराभर चालावे लागत, आणि ते एकटीचं काम नव्हतंच. रमजान ईदेआधी आमच्याकडे शेवयांचं यंत्र लागलं की त्याच काकू दांडा फिरवायला यायच्या. त्याचा कुणी गाजावाजा केला नाही, कारण कुणाला त्यात विशेष काही वाटतच नव्हतं.

आता करंजी किलोवर मिळते. चवीला बरी असते, आणि नोकरी करणाऱ्या लेकीसुनांना मी दोष देणार नाही. पण तयार डबा घरी आला की शेजारणीला बोलवायचं कारण जातं. शेजार अशा लहान कारणांवरच उभा असतो. ती एकेक गळत गेली, की पुढं एखाद्या अफवेच्या दिवशी दार ठोठवायला ओळखच उरत नाही.

म्हणून यंदा पन्नास नको, अकराच करंज्या करा. मात्र लाटायला शेजारून कुणाला तरी हाक मारा.