मागचं इंजिन

कर्जतला लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना मागून इंजिनं लागतात. घाट चढवला, लोणावळा आलं, की ती सुटतात. प्रवाशांना पत्ताही नसतो!

नौदलातल्या तेलवाहू जहाजाचंही तसंच, मंडळी. ‘आयएनएस शक्ती’ जर्मनीत बांधलेलं, 1976 साली नौदलात आलं. भर समुद्रात युद्धनौकेच्या शेजारून तिच्याच वेगाने चालायचं आणि नळीतून तेल पाजायचं, हे त्याचं काम. म्हणजे तिला तेलासाठी बंदर गाठायला नको.

2006 साली लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्रा’, ‘बेतवा’ यांच्याबरोबर हे तिशीचं जहाजही होतं. आपल्या ताफ्याने दोन हजारांवर माणसं बैरुतमधून सोडवली. पुढच्याच वर्षी ‘शक्ती’ निवृत्त झालं.

2011 साली इटलीत बांधलेल्या नव्या तेलवाहू जहाजाला तेच नाव दिलं. मागून बळ देणाऱ्याची एवढी तरी आठवण राहिली, याचं मला समाधान वाटतं.