इम्पीरियलमधली खोली

मी हिंदूरावला राहते. इथल्या रुग्णालयाच्या फाटकावरचं नाव एका मराठ्याचं आहे, हे दिल्लीकरांना अजून सांगावं लागतं. हिंदूराव घाटगे कागलचे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८५७च्या वेढ्यात रिजवरच्या त्यांच्या बंगल्याभोवती धुमश्चक्री झाली, नाव मात्र टिकलं. याच शहरात आणखी एका मराठी माणसाची कारकीर्द संपली, पण त्याच्या नावाची पाटी मला तरी कुठे दिसलेली नाही. डिसेंबर १९६१ मध्ये सुभाष गुप्ते कोटल्याच्या मैदानावर आपली शेवटची कसोटी खेळले. तेव्हा ते नुकतेच बत्तीस वर्षांचे झाले होते. लेगस्पिनरच्या हिशेबात हे उतरणीचं वय नव्हे.

त्यांचा आलेख तोवर सरळ कधीच नव्हता. १९५१च्या अखेरीस कलकत्त्याला पदार्पण झालं, पण नाव झालं ते १९५२-५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. विक्स, वॉरेल आणि वॉलकॉट हे तिघे समोर, फलंदाजांना धार्जिण्या खेळपट्ट्या, आणि तरी पाच कसोट्यांत २७ बळी. १९५४ मध्ये मुंबईकडून खेळताना पाकिस्तानी सेनादल आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाचे एका डावातले दहाही गडी त्यांनी ७८ धावांत घेतले. पुढच्याच मोसमात न्यूझीलंडविरुद्ध ३४ बळी. चेंडूला भरपूर उंची देऊन फलंदाजाला पुढे बोलवायचं आणि मग गुगलीवर चुकवायचं, ही त्यांची रीत. या रीतीत चौकार बसतात, ते सोसणारा कर्णधार लागतो. आणि झेल घेणारे हात लागतात. ते गुप्त्यांना क्वचितच लाभले.

डिसेंबर १९५८, कानपूर. वेस्ट इंडीज २२२ सर्वबाद, गुप्ते १०२ धावांत ९ बळी. उरलेला एक गडी लान्स गिब्ज. गुप्त्यांच्या चेंडूवर यष्टिरक्षक नरेन ताम्हाण्यांकडून त्याचा झेल सुटला आणि पुढे वसंत रांजण्यांनी त्याचा त्रिफळा उडवला. भारतही २२२ वरच बाद झाला आणि शेवटी सामना २०३ धावांनी हरला. वर्षभरात त्याच मैदानावर जसू पटेलांनी ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद केले, भारत जिंकला, आणि लोकांच्या तोंडी राहिले ते पटेलांचे नऊ. हरलेल्या सामन्यातल्या पराक्रमाला आपल्याकडे फार आयुष्य नसतं.

इंग्रजी वृत्तान्त वाचताना मी एका क्रियापदापाशी अडते. झेल ‘ड्रॉप’ होतो आणि खेळाडूही ‘ड्रॉप’ होतो. मराठीत झेल सुटतो, खेळाडूला वगळतात. पहिलं नकळत होतं, दुसऱ्याला कर्ता लागतो. १९६१ची गोष्ट मराठीत सांगायची तर हा कर्ता लपवता येत नाही.

इंग्लंडविरुद्धच्या त्या मालिकेत गुप्त्यांनी कानपूरला पाच बळी घेतले होते आणि भारताने इंग्लंडला प्रथमच फॉलोऑन दिला होता. दिल्लीत संघ जनपथावरच्या इम्पीरियल हॉटेलात उतरला. गुप्ते आणि ए. जी. कृपालसिंग एका खोलीत. गुप्त्यांनी पुढे सांगितलं ते असं: कृपालसिंगांनी खोलीतून रिसेप्शनवरच्या बाईंना फोन करून ड्रिंक घ्यायला येण्याविषयी विचारलं, बाईंनी तक्रार केली. मंडळाने दोघांनाही निलंबित केलं. आपण फोन केलाच नाही, असं गुप्त्यांचं म्हणणं. त्यावर मंडळाचा सवाल, मग त्याला अडवलं का नाहीस?

बाईंची तक्रार क्षुल्लक होती, असा सूर काही जुन्या क्रिकेटप्रेमींच्या बोलण्यात येतो. मला तो मान्य नाही. कामावर असलेल्या बाईने नको असलेला फोन वर कळवला, हे तिने योग्यच केलं. अन्याय झाला तो त्यानंतर, जेव्हा फोन कोणी केला याऐवजी खोली कोणाची, एवढंच पाहिलं गेलं.

गुप्त्यांशिवाय भारताने कलकत्ता आणि मद्रास या दोन्ही कसोट्या जिंकल्या. इंग्लंडविरुद्धचा तो आपला पहिला मालिकाविजय. दहा वर्षं गोलंदाजीचा भार वाहिलेला माणूस त्यात नव्हता. लगेच निघालेल्या वेस्ट इंडीज दौऱ्यावरही त्यांना नेलं नाही. ज्या बेटांवर त्यांचं नाव झालं होतं, तिथे भारत पाचही कसोट्या हरला. कृपालसिंग मात्र संघात परतले आणि १९६४ पर्यंत कसोट्या खेळले. हे त्यांच्यावर डाफरण्यासाठी लिहीत नाही. शिक्षा दोघांना एकच झाली, परतीची वाट एकालाच मिळाली, इतकंच.

गुप्त्यांची पत्नी कॅरल त्रिनिदादची, १९५२-५३च्या दौऱ्यातच ओळख झालेली. ते तिकडेच स्थायिक झाले. ३६ कसोट्या, १४९ बळी. दीडशेला एक कमी. शेन वॉर्नला पाहिल्यावरही गॅरी सोबर्स गुप्त्यांनाच श्रेष्ठ म्हणत राहिले.

७ फेब्रुवारी १९९९ रोजी कोटल्यावर अनिल कुंबळेने पाकिस्तानचे दहाही गडी घेतले. तोही लेगस्पिनर, मैदानही तेच. पुढच्या वर्षी क्रिकेट मंडळाने गुप्त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ते वारले.