सूर्याकडे जाणारा रस्ता

प्रवासवर्णनांत डोंगर, दऱ्या, सरोवरें यांस पानेंच्या पानें मिळतात. रस्त्यास चार ओळीहि मिळत नाहींत. ज्या वाटेनें आपण हें सर्व पाहावयास जातों ती जणूं निसर्गानेंच आंथरून ठेविली होती, अशी आपली समजूत असते. अमेरिकेच्या मोंटाना संस्थानांतील 'ग्लेशियर' राष्ट्रीय उद्यानांत जो रस्ता आहे, त्याचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत किती भोळी आहे हें कळतें.

या रस्त्याचें नांव 'गोइंग-टु-द-सन', म्हणजे सूर्याकडे जाणारा. जवळच्या एका शिखरावरून तें त्यास मिळालें. लांबी सुमारें ५० मैल. पश्चिमेस मॅकडोनाल्ड सरोवराच्या कांठाकांठानें तो निघतो, 'गार्डन वॉल' या उभ्या कड्यास बिलगून ६,६४६ फूट उंचीची लोगन खिंड गांठतो, आणि पूर्वेस सेंट मेरी सरोवराकडे उतरतो. हिवाळ्यांत खिंड बर्फाखालीं गाडली जाते. ती मोकळी होईपर्यंत बहुधा जून महिना संपत येतो.

प्रारंभीं पंधरा वळणें घेत चढणारा मार्ग सुचविण्यांत आला होता. टॉमस व्हिंट या रचनाकारानें त्यास हरकत घेतली. इतक्या वळणांनीं डोंगराच्या अंगावर कायमचे वण राहतील, हा त्याचा मुद्दा. अखेर कड्याच्या कुशींतून जाणारी, एकच मोठें वळण असलेली वाट मुक्रर झाली. भिंती तेथल्याच दगडाच्या बांधल्या, म्हणजे दुरून रस्ता दिसूंच नये. या कामीं तीन मजूर प्राणास मुकले. १५ जुलै १९३३ रोजीं खिंडींत उद्घाटनसमारंभ झाला.

परंतु या डोंगरावर याहून जुना एक वण आहे. खिंडीच्या पूर्वेचा मुलूख ब्लॅकफीट लोकांचा होता. रानगव्यांचे कळप नाहींसे झाल्यावर १८८३-८४ च्या हिवाळ्यांत त्यांचीं सुमारें ६०० माणसें उपासमारीनें मेलीं. अशा गांजलेल्या लोकांकडून १८९५ सालीं सरकारनें तांब्याच्या आशेनें हा डोंगरपट्टा मागितला. त्यांनीं ३० लक्ष डॉलर सांगितले; हातीं १५ लक्ष ठरले. शिकारीचा व लांकूडतोडीचा हक्क मात्र त्यांनीं करारांत राखून ठेविला. तांबें फारसें निघालें नाहीं. सौदा ठरविणाऱ्यांपैकीं जॉर्ज बर्ड ग्रिनेल यानेंच पुढें उद्यानासाठीं खटपट केली. १९१० सालीं उद्यान झालें, आणि राखलेले हक्क संपले असें सरकारनें मानलें. रेल्वे कंपनीनें मात्र त्याच ब्लॅकफीटांचीं चित्रें जाहिरातींवर छापून प्रवासी आणले. १९३३ च्या समारंभासहि ते हजर होते.

व्हिंटची दृष्टि थोर होती यांत शंका नाहीं. देखावा जपला गेला, आणि आज लक्षावधि लोक त्याचा लाभ घेतात, हेंहि लहानसहान नव्हे. पण जपलेली भूमि कोणाच्या हातून आली, हें खिंडींत उभ्या राहिलेल्या प्रवाशास कोणी तरी सांगितलें पाहिजे. त्यानें पर्वताचें सौंदर्य कमी होईल असें आम्हांस वाटत नाहीं. पाहणाराची दृष्टि मात्र अधिक प्रामाणिक होईल.