१९ एप्रिल २०१२ : रणाच्या काठावर सौरवीज

गुजरातच्या पाटण जिल्ह्यात, कच्छच्या रणाला लागून असलेल्या चारणका गावाजवळचे सौर उद्यान आजच्या दिवशी राष्ट्राला अर्पण झाले. तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या हस्ते हा सोहळा झाला. त्या वेळी तेथील क्षमता २१४ मेगावॉट होती.

आकड्यापेक्षा मोलाची ठरली ती रचना. जमीन, रस्ते आणि वीज वाहून नेणाऱ्या तारा सरकारने पुरवायच्या, कंपन्यांनी फक्त पॅनेल बसवून वीज काढायची. पुढे केंद्राची सौर उद्यान योजना याच वाटेने गेली. थरच्या वाळवंटातले राजस्थानातील भडला तर २,२४५ मेगावॉटपर्यंत पोहोचले.

पण ओसाड दिसणारी जमीन रिकामी नसते. योगायोगाने १९ एप्रिललाच, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधील माळढोकाच्या अधिवासातल्या वीजतारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो सैल करण्यात आला. सोलापूरच्या नान्नजचा माळ आठवणाऱ्या आपल्याला या पक्ष्याचे मोल वेगळे सांगायला नको. उंच तारा त्याला समोरून नीट दिसत नाहीत, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही.